चार भिंतींचा दिग्दर्शक

'बिनधास्त', 'भेट', 'कायद्याचं बोला', 'कदाचित', 'मीराबाई नॉट आऊट', 'तुकाराम', 'आजचा दिवस माझा', 'दुसरी गोष्ट', 'फॅमिली कट्टा', 'ध्यानीमनी'. दिग्दर्शकाचं नाव झाकून ही यादी एखाद्या सिनेमावेड्यापुढे ठेवली, तर तो निदान पाच-सहा दिग्दर्शकांची नावं घेईल. कॉलेजातल्या मुलींची रहस्यकथा करणारा वेगळा, कोर्टातला धुमाकूळ करणारा वेगळा, आणि देहूच्या वाण्याची गोष्ट सांगायला बसणारा तर अगदीच वेगळा असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे सगळं एकाच माणसाचं काम आहे. चंद्रकांत कुलकर्णी. मूळचे औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे.

आमच्या शहरात त्यांची ओळख विचाराल तर पहिलं उत्तर 'नाटकवाले' असंच येतं. 'चारचौघी'वाले, 'वाडा चिरेबंदी'वाले. सिनेमांचा विषय मागाहून निघतो आणि मग समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते: 'अरे, कायद्याचं बोला त्यांचाच का?' एवढी कामगिरी असलेल्या माणसाच्या सिनेमांकडे एकत्र बघायची सवय आपल्याला लागलेली नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी त्या यादीतलं वैविध्यच कारणीभूत आहे. समीक्षकांना शिक्का असलेला दिग्दर्शक आवडतो. दहा सिनेमांत दहा तऱ्हा असल्या की 'मिळेल ते केलं' असा शेरा मारून लोक मोकळे होतात.

मला हे पटत नाही. गेल्या उन्हाळ्यात यातले बरेचसे सिनेमे ओळीनं पाहिल्यावर तर अजिबातच पटत नाही. का पटत नाही ते सांगण्यासाठी थोडं मागे, ऐंशीच्या दशकातल्या औरंगाबादेत जावं लागेल.

त्या काळात या शहरात सिनेमाचा धंदा म्हणजे फक्त थिएटरं. अंजली, मोहन, सादिया, अंबा-अप्सरा. सिनेमा मुंबईत बने आणि डब्यांत भरून इथे येई. इथे बनत होतं ते नाटक. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग होता, कमलाकर सोनटक्क्यांसारखा प्रमुख त्याला लाभला होता, आणि शहरातली महाविद्यालयं एकांकिकांनी घुमत होती. राज्य नाट्य स्पर्धा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, युवक महोत्सव हेच तिथलं मैदान. मराठवाड्यातली मुलं पुण्या-मुंबईच्या स्पर्धांत उतरत तेव्हा त्यांच्या बोलीवर हशा पिके, आणि निकाल लागला की तोच हशा थांबे.

याच वातावरणात 'जिगीषा' ही संस्था उभी राहिली. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शक, प्रशांत दळवी लेखक, सोबत प्रतीक्षा लोणकर आणि इतर मित्रमंडळी. प्रशांतचे भाऊ अजित दळवी हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक आणि नाटककार. एखाद-दुसरा हुशार मुलगा मुंबईला जातो आणि तिथला होऊन राहतो, हा मराठवाड्याचा नेहमीचा अनुभव. या मंडळींनी जरा वेगळं केलं. ती गटानं गेली. लेखक, दिग्दर्शक, नट सगळे एकमेकांना धरून मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर दाखल झाले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत कुलकर्ण्यांच्या नाटकांच्या आणि सिनेमांच्या श्रेयनामावलीत हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात. सिनेमात माणसं सुट्टी भेटतात आणि सुट्टीच पांगतात. इथे आख्खी पंगतच एका ताटावरून दुसऱ्या ताटावर गेली.

१९९१ साली 'चारचौघी' आलं. प्रशांत दळवींनी लिहिलेलं, कुलकर्ण्यांनी बसवलेलं. विवाहित पुरुषाबरोबर उघडपणे आयुष्य काढलेली आई आणि तिच्या तीन मुली. दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, प्रतीक्षा लोणकर, आसावरी जोशी. या मुलींपैकी विद्याचा फोनचा प्रवेश मराठी रंगभूमीवर दंतकथेसारखा सांगितला जातो. रंगमंचावर एक बाई, हातात रिसीव्हर, पलीकडे नवरा. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मिनिटांमागून मिनिटं जातात आणि एका संसाराचा निकाल एकाच बाजूच्या बोलण्यातून आपल्यासमोर लागतो. तेव्हा विद्या वंदना गुप्ते करत, २०२२च्या नव्या संचात ती मुक्ता बर्वेंनी केली. मी नव्या संचाचा प्रयोग पाहिला तेव्हा माझं लक्ष शब्दांपेक्षा दिग्दर्शकानं काय काय केलं नाही याकडे होतं. बाईला उगाच फिरवलेलं नाही. पार्श्वसंगीताचा गिलावा नाही. प्रेक्षकाची नजर तिच्या चेहऱ्यावर आणि फोन धरलेल्या हातावर खिळवून ठेवायची, बस्स. कॅमेऱ्याशिवाय घेतलेला क्लोजअप तो हाच. सिनेमा करण्याआधी आठ वर्षं या दिग्दर्शकाला तो घेता येत होता.

त्यानंतरचं दशक रंगभूमीवर भरगच्च गेलं. 'ध्यानीमनी', 'गांधी विरुद्ध गांधी'. अजित दळवींच्या या दुसऱ्या नाटकानं अतुल कुलकर्णी हा नट महाराष्ट्राला दाखवला. आणि १९९४ साली 'आविष्कार' या नाट्यसंस्थेसाठी महेश एलकुंचवारांची नाट्यत्रयी: 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी', 'युगान्त'. एकाच दिवशी सलग आठ-नऊ तास चालणारं नाटक! धरणगावकर देशपांड्यांचा ढासळता वाडा, दारापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि रात्री घरातले जुने दागिने अंगावर घालून बसलेली वहिनी. विजया मेहतांनी १९८५ साली 'वाडा' गाजवून ठेवला होता. त्यावर पुन्हा हात घालणं आणि तोही तिप्पट लांबीनं, याला मराठवाड्यात 'जिगर लागते' म्हणतात.

हे सगळं नाटकाचं पुराण कशासाठी, असं वाचकाला वाटेल. कारण यातल्या बहुतेक नाटकांत एक घर आहे. माणसं त्या घरात अडकलेली आहेत, बाहेरचं जग दारावर धडका देतं आहे, आणि कुणाला तरी आज, आत्ता, या खोलीत निर्णय घ्यायचा आहे. कुलकर्ण्यांच्या सिनेमांचं कुलूपही याच किल्लीनं उघडतं. विषय बदलतात, सूर बदलतो. चार भिंती तशाच राहतात.

'बिनधास्त' १९९९चा. तेव्हाचा मराठी सिनेमा आठवा. 'माहेरची साडी'च्या अश्रूंना आठ वर्षं झाली होती, विनोदी सिनेमांची लाट ओसरत होती, आणि 'श्वास'नं राष्ट्रीय सुवर्णकमळ आणायला अजून चार-पाच वर्षं होती. मराठी सिनेमाला जायचं म्हणजे मोठ्या शहरातही शो शोधावा लागे. अशा पडत्या काळात अजेय झणकरांच्या कथेवर कॉलेजातल्या दोन मैत्रिणींचा थरारपट आला. गौतमी गाडगीळ, शर्वरी जमेनीस, सोबत नीना कुळकर्णी, रिमा. पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच! खून, संशय, पळापळ, पाठलाग, आणि पुरुषांना त्यात जागाच नाही. 'चारचौघी'च्या दिग्दर्शकानं हे करावं यात मला विसंगती दिसत नाही. बायकांनी भरलेलं घर त्यानं बायकांनी भरलेल्या कॉलेजात नेलं आणि तिथे एक प्रेत टाकलं.

या सिनेमाचं पुढचं आयुष्य मजेशीर आहे. प्रियदर्शननं त्यावरून दक्षिणेत सिनेमा केला. २००० साली तो तमिळमध्ये 'स्नेहितिये' या नावानं आला. ज्योतिका, शर्बानी मुखर्जी आणि तब्बू. मल्याळी रूप 'राक्किलिपाट्टू' २००७ साली पडद्यावर पोचलं. मराठीनं हिंदीकडून आणि दक्षिणेकडून उसनवारी करायची हा रिवाज होता तेव्हा ही उलटी गंगा वाहिली होती, आणि आपण तिचं फारसं कौतुक केलं नाही. मराठी सिनेमाच्या पुनर्जन्माची तारीख सगळे 'श्वास'पासून मोजतात. मोजोत. त्याआधी कुणीतरी दार किलकिलं करून ठेवलं होतं एवढी नोंद असावी.

'भेट' २००२चा. घटस्फोटानंतर मुलापासून दुरावलेल्या आईची गोष्ट, आईच्या भूमिकेत प्रतीक्षा लोणकर. 'बिनधास्त'चा वेग पाहून गेलेल्यांना तो संथ वाटला असणार. मी इथे रेंगाळत नाही.

'कायद्याचं बोला'वर मात्र थांबायला हवं. साल २००५. मूळ ऐवज 'माय कझिन व्हिनी' या १९९२च्या अमेरिकन विनोदी सिनेमाचा: दोन निरपराध पोरं खुनाच्या आरोपात अडकतात आणि त्यांना सोडवायला येतो तो नात्यातला, कोर्टाची पायरीही धड न चढलेला वकील. अमेरिकेत विनोद न्यूयॉर्कच्या टपोरी माणसाचा आणि दक्षिणेतल्या खेडवळ कोर्टाचा आहे. कुलकर्णी आणि मंडळींनी हे समीकरण उलटं केलं. आपला वकील केशव कुंथलगिरीकर हाच मराठवाड्याचा. कुंथलगिरी म्हटलं की आमच्याकडे खव्याचा पेढा आठवतो, आणि त्या आडनावातच अर्धा विनोद होऊन जातो.

केशव झाले मकरंद अनासपुरे, आमच्याच बिडकीनचे. समोर सरकारी बाजूनं सचिन खेडेकर. अनासपुरेंनी त्याआधी छोटी-मोठी कामं केली होती, पण नायक म्हणून त्यांना उभं केलं ते या सिनेमानं. आणि ते उभे राहिले मराठवाडी हेल घेऊन. मराठी सिनेमात ग्रामीण बोली म्हटली की ती कोल्हापूरकडची असणार हे तोवर गृहीतच होतं. तमाशापटांपासून ती सवय लागलेली. मराठवाड्याची बोली पडद्यावर आली तरी नोकराच्या नाहीतर गावंढळाच्या तोंडी. इथे ती कोर्टात, काळ्या कोटात, साक्षीदाराची उलटतपासणी घेते आणि खटला जिंकते. आमच्याकडची माणसं हा सिनेमा टीव्हीवर लागला की अजूनही पूर्ण बघतात ते नुसतं हसण्यासाठी नाही, असं मला वाटतं. दिग्दर्शक मराठवाड्याचा नसता तर त्यानं अनासपुरेंना हा हेल सौम्य करायला सांगितलं असतं, हाही माझा अंदाज.

आणि हो, हाही सिनेमा एका खोलीचाच. त्याचा जीव कोर्टात आहे. साक्षीदाराचा पिंजरा, वकिलाचं टेबल, न्यायाधीशांची खुर्ची. नाटकवाल्याला कोर्टासारखं नेपथ्य दुसरं कुठलं मिळणार?

इथे जरा लांबची वाट घेतो. हाँगकाँग म्हटलं की आपल्याकडे हाणामारी आठवते, ब्रूस ली नाहीतर जॅकी चॅन. पण त्या शहराच्या कँटोनी सिनेमात जॉनी टो नावाचा एक दिग्दर्शक आहे. टीव्हीवर हात बसवून तो सिनेमात आला. त्यानं गुन्हेगारांच्या थंड डोक्याच्या गोष्टी केल्या, विनोदी प्रेमकथाही केल्या, आणि २००० साली त्याची ऑफिसातली प्रेमकथा हाँगकाँगच्या तिकीटबारीवर त्या वर्षीची मोठी यशस्वी ठरली. १९९६ साली त्यानं लेखक-दिग्दर्शक वाय का-फाय या सहकाऱ्याबरोबर 'मिल्कीवे इमेज' ही संस्था काढली, आणि लोकांना आवडेल ते आणि स्वतःला आवडेल ते आलटून-पालटून करत राहिला. युरोपातल्या महोत्सवांनी त्याला डोक्यावर घेतलं तेव्हाच घरच्यांना त्या पसाऱ्यातलं सूत्र दिसायला लागलं. दोघांच्या सिनेमांचं साम्य सांगायला मी हे लिहीत नाही, ते फारसं नाहीच. साम्य परिस्थितीचं आहे. शेजारच्या प्रचंड भाषेच्या सावलीत उभ्या असलेल्या सिनेमात, तिथे मँडरिन इथे हिंदी, एकाच जातीचे सिनेमे करून दिग्दर्शकाचं पोट भरत नाही आणि धंदाही चालत नाही. रहस्यकथा, विनोद, चरित्र, कौटुंबिक, जे समोर येईल ते त्याला पेलता यावं लागतं. प्रश्न एवढाच की पेलताना तो स्वतःचं काही त्यात मिसळतो का. टो मिसळतो. कुलकर्णीही मिसळतात. जिथे मिसळता आलं नाही तिथे सिनेमा पडला आहे.

उदाहरणार्थ 'मीराबाई नॉट आऊट'. २००८च्या डिसेंबरातला हिंदी सिनेमा. प्रितीश नंदींच्या कंपनीची निर्मिती, क्रिकेटवेड्या शिक्षिकेच्या भूमिकेत मंदिरा बेदी, सोबत अनुपम खेर, महेश मांजरेकर, आणि खुद्द अनिल कुंबळे पाहुणा. मुंबईवरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस, त्यामुळे थिएटरात जायला लोकांचं मन नव्हतंच. पण वेळ चांगली असती तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. हा मैदानावरचा, उघड्या आकाशाखालचा सिनेमा आहे आणि त्यात सगळं सैल झालं आहे. दार बंद करायला मिळालं नाही की या दिग्दर्शकाची पकड सुटते.

'कदाचित' त्याच सुमाराचा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अश्विनी भावे त्यासाठी निर्माती म्हणून परत आल्या आणि मेंदूच्या शल्यविशारद डॉक्टरची भूमिका त्यांनीच केली. बालपणी दडपलेली एक आठवण आणि तुरुंगातून सुटलेला बाप. बाप सदाशिव अमरापूरकर. खलनायक म्हणून देशानं ओळखलेला हा नगरचा नट मराठीत फार थोड्या दिग्दर्शकांनी नीट वापरला. इथे तो नीट वापरलेला आहे.

मग आला 'तुकाराम', जून २०१२. या सिनेमाला हात घालताना कुणाचेही हात कापले असते. १९३६चा प्रभातचा 'संत तुकाराम', दामले-फत्तेलाल, विष्णुपंत पागनीस. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली गौरवला गेलेला. महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांनी तुकोबांचा चेहरा म्हणून पागनिसांचाच चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर दुसरा चेहरा कसा बसवायचा? अजित आणि प्रशांत दळवींच्या पटकथेनं यातून वाट काढली ती संतपणाच्या अलीकडची. सिनेमाचा पूर्वार्ध जवळजवळ सगळा मोरे घराण्याच्या घरात आहे. सावकारी करणारं खातंपितं घर, आई कनकाई, थोरला सावजी, धाकटा कान्होबा, आणि मधला तुका. पुढे १६३०च्या सुमाराचा भीषण दुष्काळ. गुरं मरतात, माणसं मरतात, पहिली बायको रखमा जाते.

जितेंद्र जोशी तोवर विनोदी नट आणि सूत्रसंचालक म्हणून परिचित होते. त्यांना तुकाराम करायला घेणं हा जुगारच होता. राधिका आपटेंची आवली नुसती भांडकुदळ नाही, तिला पोटाचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. वीणा जामकरांची रखमा थोडा वेळ येते आणि घरभर राहते. पागनिसांचा तुकाराम पहिल्या दृश्यापासून देवाचा आहे. जोशींचा तुकाराम बराच वेळ घरच्यांचा आहे, आणि मला तेच या सिनेमाचं बळ वाटतं. उत्तरार्धात, घर सुटल्यावर, भाविकांची गर्दी आणि विरोधकांचे डाव सुरू झाल्यावर सिनेमा ओळखीच्या वाटेला लागतो. माझ्यापुरता 'तुकाराम' हा दुष्काळापर्यंतचा सिनेमा आहे. मराठवाड्यात २०१२-१३ साली काय पाणीटंचाई होती ते आठवत असेल त्यांना त्यातली कोरडी विहीर पडद्यावरची वाटली नसेल.

पुढच्याच वर्षी 'आजचा दिवस माझा'. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत नेटका सिनेमा, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. कथा सांगायला दोन वाक्यं पुरतात. मुख्यमंत्री विश्वासराव मोहिते यांच्याकडून एका वयस्क अंध गायकाचा नकळत अपमान होतो, आणि हा माणूस मुख्यमंत्री कोट्यातल्या घरासाठी वर्षानुवर्षं खेटे घालतो आहे हे त्यांना कळतं. सकाळ व्हायच्या आत त्याला घराची किल्ली मिळाली पाहिजे असं ते ठरवतात.

बस्स, एक रात्र. सचिन खेडेकरांचा मुख्यमंत्री, अश्विनी भावेंनी केलेली त्याची बायको, झोपेतून उठवून आणलेले अधिकारी, फायली, नियम, शेरे. लिहिणारे पुन्हा दळवी बंधू. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला फाईल कशी हलते आणि कशी हलत नाही ते माहीत असतं, हे जाणवतं. आपल्याकडच्या सिनेमात पुढारी म्हणजे एकतर राक्षस नाहीतर देवमाणूस. हा मोहिते दोन्ही नाही. तो सत्तेत मुरलेला, लहरी, थोडा नाटकी माणूस आहे. त्याला अपराधी वाटतं आहे आणि त्या अपराधीपणाचा तो हुकूम बनवतो. अधिकाऱ्यांची बाजूही चुकीची नाही: आज एकासाठी नियम वाकवला तर उद्या काय, हा प्रश्न सिनेमा त्यांच्या तोंडून नीट विचारू देतो. एका रात्रीत, मोजक्या जागांत, बोलण्याच्या जोरावर एवढा ताण निर्माण करणं हे नाटकाच्या तालमीतून आलेलं कसब आहे. इथे त्याला 'नाटकी' म्हणणाऱ्यानं स्वतः एक असा सिनेमा करून दाखवावा.

'दुसरी गोष्ट' (२०१४) पुन्हा राजकारणातला. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग फौजदार, मग मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री, असा सुशीलकुमार शिंदे यांचा जो प्रवास त्यावरून सुचलेला. विक्रम गोखले आणि तरुणपणीचा सिद्धार्थ चांदेकर. हयात माणसावर, आणि तोही सत्तेतला, सिनेमा करताना दिग्दर्शकाचा आदर आडवा येतोच. इथेही आला आहे. पहिला सिनेमा एका रात्रीत सत्तेबद्दल जे सांगून गेला ते दुसऱ्याला एका आयुष्यात सांगता आलं नाही.

'फॅमिली कट्टा' (२०१६) वंदना गुप्त्यांची निर्मिती. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी जमलेली मुलं, सुना, नातवंडं, आणि प्रत्येकाच्या खिशात एक लपवलेलं दुखणं. दिलीप प्रभावळकर, वंदना गुप्ते, सई ताम्हणकर, प्रतीक्षा लोणकर. पंचवीस वर्षांपूर्वी 'चारचौघी'त लेक असलेल्या वंदना गुप्ते इथे घराची आई झाल्या आहेत. ज्यांनी दोन्ही पाहिलं त्यांना हा धागा दिसतो, बाकीच्यांना हा नुसता गोड कौटुंबिक सिनेमा वाटतो. तसाही तो थोडा जास्तच गोड आहे.

आणि 'ध्यानीमनी', २०१७. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

पाठक दांपत्य, आणि त्यांचा मुलगा मोहित. घरात सतत मोहित. त्याचं खाणं, त्याचा अभ्यास, त्याचे हट्ट, त्याच्या तक्रारी. एक तरुण जोडपं या घरात येतं आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की मोहित दिसत का नाही. तो नाहीच. मूल न झालेल्या बाईनं तो रचला आहे आणि नवऱ्यानं तो मान्य केला आहे. रंगभूमीवर ही नीना कुळकर्णींची गाजलेली भूमिका. सिनेमात अश्विनी भावे आणि महेश मांजरेकर, पाहुणे जोडपं अभिजीत खांडकेकर आणि मृण्मयी देशपांडे. रंगमंचावर मूल न दिसणं सोपं असतं, कारण तिथे तसंही अर्ध्या गोष्टी विंगेतच घडतात. कॅमेऱ्याला असा आडोसा नसतो. तो घराच्या प्रत्येक खोलीत जाऊ शकतो, त्यामुळे प्रेक्षक मुलाला शोधायला लागतो. अश्विनी भावे रिकाम्या जागेकडे ज्या सरावानं बघतात, किती उंचीवर नजर ठेवायची, कधी वाकायचं, कधी रागवायचं, त्यात हा सिनेमा तरतो. कथेला दोन दशकं होऊन गेली होती, वंध्यत्वाबद्दलची भाषा बदलली होती, आणि काही संवाद त्यामुळे जुने वाटतात. बाईच्या नजरेबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही.

त्यानंतर त्यांचं नाव पुन्हा नाटकांच्या जाहिरातींत जास्त दिसू लागलं. सुमीत राघवनला घेऊन 'हॅम्लेट', 'चारचौघी'चा नवा संच, संकर्षण कऱ्हाडेचं 'नियम व अटी लागू'. त्याआधीच वैभव मांगले-निवेदिता सराफ यांच्या संचात 'वाडा चिरेबंदी'ही पुन्हा उभं राहिलं होतं. आमच्याकडे संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी लांबलचक काळ बंद होतं, त्या दिवसांत मोठ्या नाटकांचे दौरे इथे चुकतमाकतच येत. ज्या शहरानं 'जिगीषा' दिली त्या शहराला तिची नाटकं बघायला पुण्याला जावं लागे, हे लिहितानाही कसंसं होतं.

पण शहराशी त्यांचा दुवा तुटलेला नाही. तो आता सिनेमातून जोडला गेला आहे, हे विशेष. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे ते कलात्मक संचालक आहेत. जानेवारी २०२५ मध्ये महोत्सवाची दहावी आवृत्ती झाली. आशुतोष गोवारीकर मानद अध्यक्ष, आणि सई परांजप्यांना पद्मपाणी जीवनगौरव. उद्घाटन एमजीएमच्या रुक्मिणी सभागृहात, सिनेमे प्रोझोन मॉलच्या पडद्यांवर. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली कॉलेजची पोरं एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे धावत असतात. इराणी सिनेमा संपतो तोच मल्याळी लागतो. भारतीय सिनेमांत सुवर्ण कैलास पुरस्कारासाठी स्पर्धा असते, आणि मराठवाड्यातल्या मुलांनी केलेल्या लघुपटांनाही पडदा मिळतो. माझा जीव अडकतो तो या लघुपटांत. मोबाईलवर चित्रीकरण, घरातलीच माणसं नट, आणि जागा म्हणजे आजीची खोली नाहीतर गच्ची. पैसे नसले की माणूस चार भिंतींत गोष्ट शोधतो. या मुलांना कुणीतरी 'आजचा दिवस माझा' दाखवायला हवा.

मराठवाड्यातून गेलेल्यांची यादी तशी लांब आहे. बीड जिल्ह्यातले नंदू माधव 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळके झाले, अनासपुरे नायक झाले, प्रतीक्षा लोणकर 'दामिनी' या मालिकेतून घराघरांत पोचल्या. नटांची नावं लोकांच्या ओठांवर राहतात. दिग्दर्शकाचं नाव पोस्टरच्या तळाशी असतं, आणि आमच्याकडे पोस्टरचा तळ पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला असायचा.

कुणी मला विचारलं की यातला आधी कुठला बघू, तर मी असा क्रम सांगेन. पहिला 'आजचा दिवस माझा', रात्री जेवणं उरकल्यावर, मध्ये न उठता. मग 'कायद्याचं बोला', घरातल्या सगळ्यांना घेऊन. 'तुकाराम' मध्यंतरापर्यंत दोनदा. 'बिनधास्त' सापडला तर सोडू नका. आणि 'ध्यानीमनी'च्या आधी जमलं तर 'चारचौघी'चा प्रयोग गाठा, तिकीट पुढच्या रांगेतलं काढा, कारण फोनचा प्रवेश मागून नीट दिसत नाही.